आधी हक्काचा विमा, मग विकतचा

(लहान धंदेवाले आणि रोजाच्या कमाईवर जगणाऱ्यांसाठी)

आजारपणाचा खर्च म्हटला की डोळ्यांपुढे दवाखान्याचे बिल उभे राहते. पण ज्या घरची चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्या घरात आजार एक नव्हे तर दोन बिले घेऊन येतो. पहिले बिल डॉक्टर, औषधे, तपासण्या आणि ऑपरेशनचे. दुसरे बिल कोणी छापून हातात देत नाही. ते बुडालेल्या मजुरीचे असते. वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचा पाय मोडला तर दीड-दोन महिने त्याचा पगार थांबतो. त्याच्याजवळ बसण्यासाठी बायकोलाही आपले काम सोडावे लागते. किराणा उधारीवर येतो, घरभाडे थकते आणि शेवटी दागिना गहाण पडतो किंवा सावकाराची पायरी चढावी लागते. पाय जोडला जातो, कर्ज मात्र पुढे कित्येक वर्षे फिटत नाही.

तालुक्याच्या गावी बहुतेकांचा रोजगार लहान धंद्यांतच असतो. कापडाचे दुकान, हॉटेल, गॅरेज, छापखाना, बेकरी, यंत्रमाग, वीटभट्टी. येथे मालकही फार मोठा नसतो. त्यामुळे ‘आपल्यासारख्यांना कसला आलाय आरोग्यविमा? तो मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांसाठी’ असे मालकही म्हणतो आणि कामगारही. हा समज चुकीचा आहे. लहान माणसासाठी विम्याचे एक नव्हे, तीन मार्ग उघडे आहेत. त्यांतील एकाला पैसे पडत नाहीत, दुसऱ्याला थोडे पडतात आणि तिसरा बाजारभावाने मिळतो. अडचण एवढीच की पुष्कळ लोक हा क्रम उलटा लावतात. एजंट दारात येतो म्हणून आधी विकतची पॉलिसी घेतात, आणि हक्काची योजना मात्र पेशंट अतिदक्षता विभागात गेल्यावर आठवते. या लेखात आपण हे तीन मार्ग योग्य क्रमाने समजून घेऊ.

विमा म्हणजे काय?

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन अडचणीत सापडलेल्या एकाचा भार उचलणे. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी अशी योजना चालवली, तेव्हा गावकऱ्यांची वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली जाई. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी द्यायची आणि वर्षभरात आजार आला तर रुग्णालयाने आधार द्यायचा. शेतकऱ्याच्या घरात पैसा सुगीलाच येतो, हे ओळखून केलेली ती व्यवस्था होती. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, वर्गणी निरोगी असताना द्यायची असते. दोन, आजार आला नाही म्हणून ती वर्गणी फुकट गेली असे होत नाही. ती शेजाऱ्याच्या उपयोगी पडते, आणि पुढच्या वर्षी कदाचित आपल्याही.

पहिला मार्ग : शिधापत्रिकेवरचा हक्क

महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ साली ती सर्व राज्यात लागू झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. सुरुवातीला ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती आणि एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली आली आणि पुढे दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. राज्य शासनाने २०२३ साली निर्णय घेतला आणि जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. सत्तर वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या योजनेत उत्पन्नाची अटही राहिलेली नाही.

म्हणजे चहाच्या टपरीचा मालक, त्याच्याकडे काम करणारा पोऱ्या आणि शेजारचा सोनार, तिघेही या योजनेत येतात. हप्ता शासन भरते. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, भाजणे, अपघातातील मोठ्या जखमा अशा एक हजाराहून अधिक उपचारांची यादी ठरलेली आहे. यादीतल्या रुग्णालयात यादीतला उपचार असेल तर रोख पैसे द्यावे लागत नाहीत.

या योजनेच्या मर्यादाही नीट ध्यानात घ्याव्यात.

१) साध्या तापा-खोकल्यासाठी बाह्यरुग्ण विभागात दाखवण्याचा खर्च यात नाही. दाखल होऊन करण्याच्या ठरावीक उपचारांसाठीच ही योजना आहे.

२) प्रत्येक खाजगी दवाखाना योजनेत नसतो आणि योजनेतल्या रुग्णालयात प्रत्येक विभाग असतोच असे नाही. हृदयासाठी असलेले रुग्णालय हाडांसाठी नसू शकते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत.

३) उपचारापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. दाखल होताच त्याला भेटावे. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागदपत्रे मागाहून देता येतात.

सर्वात जास्त घोटाळा कागदांत होतो. शिधापत्रिकेवर नव्या सुनेचे नाव चढवलेले नसते, मुलाचे नाव आधार कार्डावर वेगळे आणि शिधापत्रिकेवर वेगळे असते. पेशंट दाखल झाल्यावर हे दुरुस्त करण्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. आयुष्मान कार्ड आजच काढून घ्यावे. आरोग्यमित्र किंवा गावातील ‘आपले सरकार’ केंद्र यांच्याकडे ते निघू शकते. चौकशीसाठी व तक्रारीसाठी राज्याचा १५५३८८ आणि केंद्राचा १४५५५ हे क्रमांक आहेत. रुग्णालयाने योजनेतल्या उपचारासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागावी आणि याच क्रमांकावर कळवावे.

परप्रांतातून आलेल्या कामगारांबद्दल येथेच सांगितले पाहिजे. बेकरीत, फरशीच्या कामावर किंवा यंत्रमागावर बिहार-उत्तर प्रदेशातली मुले असतात. त्यांच्या गावी त्यांचे आयुष्मान कार्ड निघाले असेल, तर ते इकडच्या योजनेतल्या रुग्णालयातही चालते. मालकाने अशा कामगाराला एवढे एकच विचारावे, ‘कार्ड आहे का? असेल तर सोबत ठेव.’

दुसरा मार्ग : राज्य कामगार विमा

पहिला मार्ग दवाखान्याचे बिल भागवतो. बुडालेल्या मजुरीचे दुसरे बिल तो भागवत नाही. ते भागवणारी लहान कामगारासाठीची प्रमुख व्यवस्था म्हणजे राज्य कामगार विमा योजना, जिला सगळे ‘ई.एस.आय.’ म्हणून ओळखतात. १९४८ च्या कायद्याने ती जन्माला आली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याने ही योजना त्या संहितेखाली चालते.

कोणाला लागू? दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला. कारखाना, दुकान, हॉटेल, खाजगी दवाखाना, शाळा हे सर्व त्यात येतात. तात्पुरती व कंत्राटदारामार्फत आलेली माणसेही मोजणीत धरली जातात. हंगामी कारखाने मात्र वगळलेले आहेत. दहापेक्षा कमी माणसे असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास स्वखुशीने योजनेत येण्याची सोय संहितेत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. नोंदणी करताना चालू मर्यादा एकदा विचारून घ्यावी.

वर्गणी किती? जुलै २०१९ पासून मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा असतो. उदाहरण घेऊ. पगार महिना १२,००० रुपये असेल तर कामगाराचे ९० रुपये कापले जातील आणि मालक ३९० रुपये घालील. एकूण ४८० रुपये. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याने चालत नाही.

या ४८० रुपयांत मिळते काय?

औषधोपचार : कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला. साधा ताप, रक्ततपासणी, बाळंतपण यांपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत. बाह्यरुग्ण उपचारही यात आहेत. पहिल्या मार्गात जी उणीव होती ती येथे भरून निघते. विकतच्या पॉलिसीत ‘इतक्या लाखांपर्यंत’ अशी मर्यादा असते, तशी उपचाराच्या खर्चाची मर्यादा येथे ठरलेली नाही.

आजारपणाचा भत्ता : डॉक्टरने विश्रांतीचा दाखला दिला की पहिले दोन दिवस सोडून पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. १२,००० पगाराच्या माणसाला हा भत्ता दिवसाला सुमारे २८० रुपये पडतो.

दीर्घ आजाराचा भत्ता : क्षय, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ठरावीक ३४ आजारांत, दोन वर्षांची सलग नोकरी व पुरेशी वर्गणी झालेली असल्यास, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत.

कामावरील अपघात : येथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावर लागल्या दिवशी यंत्रात बोट सापडले तरी हक्क आहे. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला, दरमहा रक्कम मिळते.

बाळंतपण : स्त्री कामगाराला २६ आठवडे पूर्ण पगार. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते.

लेखाच्या सुरुवातीच्या वेल्डरचा हिशेब आता मांडून पाहू. पाय कामावर मोडला आणि पंचेचाळीस दिवस घरी बसावे लागले, तर दिवसाला ३६० रुपयांप्रमाणे १६,२०० रुपये त्याच्या खात्यात येतात. शिवाय उपचाराचा खर्च नाही. या रकमेतून घरभाडे आणि किराणा निघतो. सावकाराकडे जाण्याची वेळ टळते.

मालकांच्या शंका

‘दहा माणसे झाली की कटकट, म्हणून हजेरीपटावर नऊच दाखवतो’ असे सांगणारे दुकानदार सर्वत्र आहेत. त्यांनी पुढील गोष्टीचा शांतपणे विचार करावा. कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. ई.एस.आय. मध्ये नोंदलेल्या कामगाराबाबत ही जबाबदारी योजना उचलते. न नोंदलेल्या कामगाराचा हात गेला किंवा जीव गेला तर ती रक्कम मालकाच्या खिशातून जाते. एका भरपाईत लहान दुकान बंद पडू शकते. बारा माणसांच्या दुकानात प्रत्येकी १२,००० पगार धरला तर मालकाचा हिस्सा महिन्याला ४,६८० रुपये होतो. ही रक्कम लहान नाही. पण ती ठरलेली आहे, हिशेबात धरता येते. अपघात हिशेबात धरता येत नाही. शिवाय तपासणीत लबाडी उघडकीस आली तर मागची वर्गणी व्याजासह वसूल होते.

दुसरी शंका अशी : ‘ई.एस.आय. चा दवाखाना आमच्या गावात नाही, मग पैसे कशाला भरायचे?’ या तक्रारीत तथ्य आहे. सोलापूर, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, चिंचवड येथे या योजनेची रुग्णालये आहेत, पण लहान गावांत कामगाराला लांब जावे लागते. दवाखान्यात गर्दी आणि औषधांचा तुटवडा या तक्रारीही जुन्या आहेत. म्हणून नोंदणीच्या वेळीच आपल्या भागातला दवाखाना, योजनेने नेमलेला खाजगी डॉक्टर आणि करार झालेले रुग्णालय यांची नावे विचारून दुकानात भिंतीवर लावावीत. दवाखाना लांब असला तरी आजारपणाचा आणि अपघाताचा भत्ता कमी होत नाही, हेही विसरू नये.

कामगारांनी काय पाहावे?

पगारातून वर्गणी कापली जाते पण पुढे भरली जात नाही, असे प्रकार घडतात. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक कामगाराला स्वतंत्र विमा क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा, घरच्यांची नावे त्यात नोंदवली आहेत का ते पाहावे, आणि वर्गणी जमा झाली की नाही हे महामंडळाच्या संकेतस्थळावर किंवा शाखा कार्यालयात अधूनमधून तपासावे. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. नव्या मालकाला तोच द्यावा, नाहीतर जुनी नोकरी हिशेबात धरली जात नाही.

तिसरा मार्ग : विकतचा विमा

दुकानाचा मालक स्वतः ‘कामगार’ नसल्याने ई.एस.आय. मध्ये येत नाही. पाच माणसांचा छापखाना, घरगुती खाणावळ, रिक्षाचालक हेही बहुधा बाहेरच राहतात. त्यांना पहिला मार्ग आहेच. पण योजनेबाहेरच्या रुग्णालयात जायची वेळ आली तर काय, या प्रश्नासाठी विकतच्या पॉलिसीचा विचार करावा.

कंपन्यांच्या पॉलिसी शेकडो आहेत आणि अटींचे जंगल दाट आहे. सामान्य माणसाची दिशाभूल होऊ नये म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांना विकायला लावली. अटी सगळीकडे सारख्या, हप्ता मात्र कंपनीनुसार वेगळा. म्हणून तीन ठिकाणी भाव विचारावा. या पॉलिसीत प्रत्येक मंजूर बिलाचा पाच टक्के भाग आपण भरायचा असतो. म्हणजे बिल ८०,००० चे असेल तर ४,००० आपले. खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या दोन टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये रोज अशी मर्यादा आहे.

ही खोलीभाड्याची अट फसवी असते. एक लाखाच्या पॉलिसीवर रोज २,००० रुपयांची खोली मिळते. पेशंटला ४,००० ची खोली घेतली तर फक्त वरचे भाडे भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापले जातात. पॉलिसी पाहून खोली निवडावी.

विकतचा विमा घेताना पुढील पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वीचे ऑपरेशन, काहीही लपवू नये. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असे एजंटने सांगितले तरी लिहावे. दावा नामंजूर झाला की एजंट सापडत नाही.

२) पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ पासून तो तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. अपघात सोडून इतर आजारांना पहिले तीस दिवस संरक्षण नसते.

३) हप्ता चुकवू नये. खंड पडला तर सवलतीच्या मुदतीनंतर प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, तर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडवल्याचे कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

४) पॉलिसी हातात आल्यावर वाचावी. न पटल्यास ती तीस दिवसांत परत करता येते.

५) दावा चुकीने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. वकील लागत नाही, फी लागत नाही.

सहा-सात माणसांच्या दुकानाने मिळून गटविमा घेण्याचाही विचार करावा. हप्ता मालक भरतो किंवा दोघे वाटून घेतात. गटविम्यात पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जाऊ शकतात, बाळंतपणही घालून घेता येते. मात्र या अटी ठरवून लिहून घ्याव्या लागतात. त्याच्या दोन उणिवाही आहेत. नोकरी सुटली की संरक्षण सुटते. दुसरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा जी.एस.टी. उठला, गटविम्यावर तो १८ टक्के लागतो. आणि एक महत्त्वाचे : दहा माणसांच्या दुकानाने गटविमा घेतला म्हणून ई.एस.आय. ची जबाबदारी टळत नाही.

वीस रुपयांचा विमा म्हणजे आरोग्यविमा नव्हे

बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना या दोन्ही २०१५ साली सुरू झाल्या. दोन्ही उपयोगी आहेत आणि घ्याव्यात. पण पहिली फक्त अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे, दुसरी मृत्यूसाठी. दवाखान्याचे बिल यांपैकी कोणतीही भरत नाही. ‘आमचा विमा आहे’ म्हणून निश्चिंत राहिलेल्या घरात पुष्कळदा एवढाच विमा निघतो.

विम्याबाहेरचे आधार

विम्याच्या जोडीला काही गोष्टी माहीत असाव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी कोणत्याही पॉलिसीपेक्षा हा आधार स्वस्त आहे. क्षयरोगाची औषधेही मोफत आहेत. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्या गटात अर्ज करता येतो. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जवळ ठेवावी आणि रुग्णालयातील समाजसेवकाला भेटावे. गवंडी, सुतार, रंगारी, फरशी बसवणारे यांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. मंडळाकडून उपचारासाठी मदत मिळते.

तीन घरे, तीन उत्तरे

चहाची टपरी चालवणारे नवरा-बायको : आयुष्मान कार्ड आणि नीट केलेली शिधापत्रिका एवढे आधी करावे. वीस रुपयांचा अपघात विमा घ्यावा. हप्ता झेपत असेल तर पुढे कुटुंबासाठी लहान पॉलिसी घ्यावी. हप्त्यासाठी उसने काढू नये.

सहा माणसांचे गॅरेज : सर्वांची आयुष्मान कार्डे. त्यानंतर मालकाने आणि कामगारांनी एकत्र बसून स्वखुशीने ई.एस.आय. मध्ये जायचे की गटविमा घ्यायचा, ते ठरवावे. बुडालेल्या मजुरीची काळजी जास्त असेल तर ई.एस.आय. बरे. तोपर्यंत कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी मालकाने वेगळी पॉलिसी घेऊन ठेवावी.

चौदा माणसांचे हॉटेल : येथे निवड करण्याचा प्रश्न नाही, ई.एस.आय. बंधनकारक आहे. मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी वेगळी पॉलिसी पाहावी.

या आठवड्यात एवढे करा

एका पिशवीत घरातल्या सर्वांची आधार कार्डे, शिधापत्रिका, आयुष्मान कार्डे, ई.एस.आय. चा क्रमांक, पॉलिसी आणि पूर्वीच्या आजारांचे कागद एकत्र ठेवा. नावांचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे का ते पाहा. जिल्ह्यातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि कोणत्या आजारासाठी, हे १५५३८८ वर विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद पिशवीत टाका. पिशवी कुठे ठेवली आहे ते घरातल्या निदान दोघांना सांगा. रात्री दोन वाजता छातीत कळ येते तेव्हा घरातला कर्ता माणूसच खाटेवर असतो आणि कागद कुठे आहेत हे बाकी कोणालाच ठाऊक नसते.

दुकानदारांनी हा लेख वाचून झाल्यावर आपल्या कामगारांना वाचून दाखवावा, आणि कामगारांनी तो मालकाला दाखवावा.